स्वयंपाकघरातले खोटे मासे

अण्णा,

मी अजूनही मासे खात नाही. तुम्हाला हे माहीतच आहे, पण इतक्या वर्षांनी लिहायला बसल्यावर सुरुवात कुठून करायची ते सुचेना, तेव्हा जे बदललं नाही तिथूनच केली. खात नाही, पकडत नाही, बाजारात मासे दिसले की पलीकडच्या बाजूने जाते. आणि तरीही भिंतभर टांगलेल्या खोट्या मासोळ्यांमधून पाण्यात नीट चालेल अशी स्वस्तातली मासोळी मी अजून उचलून दाखवीन. मध्यंतरी कॉलेज रोडला एका नव्या दुकानात गेले होते. तंबू, पाठीवरच्या पिशव्या, दोरखंड, आणि एका कोपऱ्यात गळ टाकायचं सामान. तिथला विक्रेता मागे आला, म्हणाला, "मॅडम, सरांसाठी बघताय का? हे घ्या, हे एकदम फास्ट मूव्हिंग आहे." मी ती मासोळी नाकाच्या कडीला धरून लोंबकळत ठेवली, समोरून बघितली आणि परत अडकवली. जीभ वाकडी होती. "ही डावीकडे पळेल," मी म्हणाले. तो नुसताच हसला. मी काही न घेता बाहेर आले, बसस्टॉपवर उभी राहिले आणि मला तुमची आठवण आली असं म्हणायला हवं. खरं सांगायचं तर काहीच आलं नाही. फक्त एवढंच वाटलं की अण्णांनीही ती परत अडकवली असती.

तुम्ही त्यांना मासोळीच म्हणायचात, म्हणून घरात तोच शब्द पडला. बोटभर लांब, पोटाशी फुगीर, प्लॅस्टिकची नाहीतर हलक्या लाकडाची, तोंडापुढे पारदर्शक पट्टीची जीभ. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळायला लागलं की ती जीभ पाणी कापते आणि मासोळी अंग थरथरवत खाली बुडी मारते. पोटाला एक आणि शेपटीला एक, असे तीन-तीन टोकांचे गळ. पहिली मासोळी तुम्हाला कंपनीत नवं मशीन बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरने दिली. नव्वदीची सुरुवात असेल, मी तेव्हा दहावीला होते. तुम्ही त्याला रविवारी गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर घेऊन गेला होतात, आणि तो जाताना एक मासोळी खोक्यासकट तुमच्या हातात ठेवून गेला. खोक्यावर मोठ्या जबड्याच्या एका हिरवट माशाचं चित्र आणि इंग्रजीत 'बास'. आपल्याकडे हा मासाच नाही. तुम्ही चित्र निरखून निरखून बघितलंत आणि म्हणालात, "हा आपल्या मरळीचा लांबचा चुलतभाऊ दिसतो. तोंड बघ ना. हा जे गिळंल ते आपली मरळ बी गिळंल." आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "खोक्यावर बास लिहिलंय तेवढं बघा आणि बास करा." तुम्ही केलं नाहीत. कळवणकडे गिरणेच्या काठी गांडूळ लावून गळ टाकत मोठे झालेले तुम्ही, त्या दिवसापासून गांडुळाला हात लावला नाहीत.

परदेशी मासोळी दुसऱ्याच रविवारी धरणातल्या एका बुडालेल्या बाभळीच्या खोडात अडकून गेली. मग शोध सुरू झाला स्वस्तातल्या मासोळ्यांचा. भद्रकालीत जाळी, सुतळी आणि दोर विकणारा एक दुकानदार मुंबईहून मासोळ्या मागवायला लागला होता, आणि सुट्टीच्या दिवशी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून तिथे न्यायचात. मला का न्यायचात ते मला कळायचं नाही. घरात दुसरं कुणी नव्हतं हे एक कारण असेल, मी एकुलती. दुकानदार काचेच्या कपाटातून चकचकीत माल काढायचा, "अण्णा, हे बघा, पाठीवर कसा मोरपंखी रंग मारलाय, खरा मासा झक मारतो." तुम्ही ती उलटी करायचात. "मरळ खालून बघती. तिला पोट दिसतं. पाठ आपण बघतो." पोटाचा रंग फिक्कट आहे ना, एवढंच बघायचं, बाकी रंगाकडे सगळ्यात शेवटी. आधी नाकाची कडी धरून लोंबकळत ठेवायची आणि समोरून बघायचं, की जीभ सरळ आहे का, दोन्ही गळ एका रेषेत लटकतायत का. मग कानाशी हलवायची, आतली गोळी मोकळी वाजली पाहिजे. मग दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावरून नख फिरवायचं, नख अडकलं तर पाणी आत जाणार. आणि घ्यायची ती तरंगणारीच, तंगूस सैल सोडलं की आपोआप वर येणारी, कारण आपल्या धरणाच्या तळाला दगड आणि खोडं, बुडणारी मासोळी म्हणजे धरणाला दान. दुकानदार वैतागायचा. "अण्णा, मुलगी बघायला आल्यासारखं करताय." तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारायचात आणि त्याला म्हणायचात, "मुलगी बघताना तर एवढं बी बघितलं नव्हतं."

एका गोष्टीत मात्र तुम्ही स्वस्त बघायचा नाहीत. गळ. स्वस्त मासोळीचे गळ हे मऊ लोखंडाचे असतात, एका पावसाळ्यात गंजतात, मोठी मरळ लागली की सरळ होतात. म्हणून मासोळी हलकी घ्यायची आणि घरी आणल्याबरोबर तिचे गळ आणि बारीक कड्या पक्कडीने काढून चांगले बसवायचे. हे सगळं काम स्वयंपाकघरात चालायचं. आपल्या इंदिरानगरच्या घरात सगळ्यात चांगला उजेड तिथेच होता, नळही तिथेच. ओट्याखाली प्लॅस्टिकचा टब भरून घ्यायचा, त्यात मासोळी सोडायची, ती तोंड किंचित खाली घालून तरंगते की नाही बघायचं, मग गळ बदलायचे, पुन्हा सोडायची. मला त्या घराचा नियम आज आठवला तरी गंमत वाटते. खऱ्या माशाला स्वयंपाकघरात बंदी होती. तुम्ही आणलेली मरळ मागच्या अंगणात, रॉकेलच्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात शिजायची, आणि ते पातेलं अंगणातल्या नळाखालीच घासलं जायचं, कारण देव्हारा स्वयंपाकघरात होता. सोमवारी आणि शनिवारी तर अंगणातही नाही. खोट्या मासोळ्या मात्र देव्हाऱ्याच्या बरोबर खाली टबात पोहायच्या. आई सुरुवातीला कुरकुरली, "खोटे का होईना, मासेच ना ते?" तुम्ही म्हणालात, "यांना रक्त नाय, वास नाय. तुझ्या कोबीतल्या अळीपेक्षा हे सोवळे हायेत." ती हसली आणि तिथेच तिची हार झाली. खरे मासे आणि चपला, दोनच गोष्टी उंबऱ्याबाहेर राहिल्या.

आता हाताचं सांगते. मी कॉलेजला होते. तुमची साखर त्याआधीच निघाली होती, पण आपल्या घरात साखर म्हणजे चहात अर्धा चमचा कमी, याच्यापुढे ते प्रकरण गेलं नव्हतं. गणपती उठल्यानंतरचा एखादा रविवार असेल, फुगवट्याचं पाणी अजून गढूळ. मी नेहमीसारखी काठावर चटई टाकून पुस्तक घेऊन बसलेय. तुम्ही टाकताय, गुंडाळताय, परत टाकताय. मग मला हाक मारता, "इकडं ये गं जरा. हे धर." मी गळाची काठी हातात घेते. "थरथरतंय का?" आणि थरथरत असतं, अगदी स्पष्ट, मुठीपासून कोपरापर्यंत येत असतं, भिंतीपलीकडे शिवणयंत्र चालू असल्यासारखं. मी म्हणते, हो, थरथरतंय की. तुम्ही काठी परत घेता, पुन्हा गुंडाळता, आणि मी तुमच्या चेहऱ्याकडे बघते. तुम्ही कान देऊन ऐकणाऱ्या माणसासारखे उभे असता. तेव्हा मला कळलं की तुमच्या हातापर्यंत ते पोचत नाहीये. "हातमोजा घातल्यावानी होतंय," तुम्ही म्हणालात. "लेथवर बी होतंय. म्हटलं मशीनचा दोष असंल."

त्यानंतर मी तुमचा हात झाले. हे मोठं वाक्य वाटतं, पण काम साधं होतं. मासोळी पाण्यात चालते की नाही हे दिसत नाही, हातालाच कळतं. थरथर असेल तर मासोळी चालतेय, थांबली तर गवत अडकलंय, तिरकी ओढ लागली तर नाकाची कडी केसभर विरुद्ध बाजूला वाकवायची. तुम्ही टाकायचात, काठी माझ्या हातात द्यायचात, मी गुंडाळत गुंडाळत सांगायचे. एकदा माझी परीक्षा जवळ आली होती, डोक्यात हिशेबाची गणितं, तुम्ही विचारलंत थरथरतंय का आणि मी न बघता हो हो म्हणत गेले. बराच वेळ. मासोळी बाहेर आली तेव्हा तिच्यावर शेवाळाचा मूठभर गोळा होता. तुम्ही माझ्यावर फार कमी वेळा चिडलात, पण त्या दिवशी चिडलात. काठी हातातून काढून घेतलीत. "कळत नसंल तर नाय म्हण. नाय म्हटल्याचा मला राग नाय येत. तू हो म्हणतीस आन् मी सकाळपासून शेवाळ वढतोय." मला फार लागलं ते. घरी येताना स्कूटरवर मी तुमच्या पाठीला टेकले नाही. आज त्यातलं काहीही दुखत नाही, फक्त वाक्य जसंच्या तसं आठवतं.

पायाचं तुम्हाला स्वतःला कळलं नाही. ते डॉक्टरांनी सांगितलं. सातपूरला कंपनीजवळच्या दवाखान्यात तुम्हाला मीच घेऊन गेले होते, माझी तेव्हा नुकतीच पतपेढीत कारकुनाची नोकरी लागली होती. डॉक्टरांनी तळपायाला टाचणी टोचून बघितली आणि म्हणाले, नसा गेल्यात, आता अनवाणी चालायचं नाही. बाहेर नाही, घरात नाही, संडासात नाही, कुठेच नाही. झोपेतून उठलात की आधी चप्पल. तुम्ही हो म्हणालात. येताना निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला घेतल्या, फक्त घरात घालायच्या म्हणून. आईने त्या नवीन आहेत, बाहेरचं काही लागलेलं नाही, असं दोनदा विचारून घेतलं आणि मान डोलावली. तुम्ही त्या घालून बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारून दाखवल्यात, मी तुम्हाला साहेब म्हणाले. मग आईने चहाला हाक मारली आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आलात, आणि चपला काढून आत गेलात. कुणी तसं सांगितलं नव्हतं. आई काही बोलली नाही, मीही नाही. आम्हा दोघींना त्यात वावगं काही दिसलंच नाही. देव होता ना आत. डॉक्टरांनी "घरात" म्हटलं होतं आणि आपल्या डोक्यात स्वयंपाकघर हे घरातच धरलेलं नव्हतं. मी यावर पुष्कळ विचार केलाय. कुणावर चिडावं हे मला ठरवता आलेलं नाही. देवावर चिडायला तो आधी खरा वाटायला लागतो, आईवर चिडावं तर तिने तोंडातून शब्द काढला नव्हता. तुमच्यावर मी अधूनमधून चिडते, तेवढंच.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. बाजारात चिनी मासोळ्या आल्या, पाकिटात पाच, किंमत आधीच्या एकीएवढी. तुम्ही भद्रकालीतून लहान मुलासारखे ते पाकीट घेऊन आलात. रविवारची दुपार. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसलायत, समोर टब, मांडीवर पंचा. पाचही मासोळ्या पाण्यात सोडून बघितल्यात. दोन आडव्या पडल्या, त्या बाजूला. तीन चांगल्या. त्यातली पिवळी तुम्हाला फारच आवडली, लिंबासारखी पिवळी, पोट पांढरं. "ही बघ, हिला इंजिनिअरच्या मासोळीची सर हाय. जीभ बघ, सरळ." मग पक्कड घेऊन गळ काढायला बसलात. बोटांना कळत नसल्याने तुम्ही आता फार जोर लावायचात. एक कडी तुटली आणि हातातले दोन्ही गळ उडाले. मी बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होते, मला टिण् असा आवाज आला. आत आले तर तुम्ही गुडघ्यावर बसून ओट्याखाली बॅटरी मारत होतात. एक गळ सापडला, गॅसच्या नळीजवळ. "दुसरा टबातच पडला असंल," म्हणालात. टबाचं पाणी मोरीत ओतलं, आत काही नव्हतं, तेव्हा म्हणालात की पाण्यासोबत गेला. मीही केरसुणी फिरवली. पिवळीचे नवे गळ लावायचे राहिले, चहा झाला, दिवस संपला.

सोमवारी तुमची पहिली पाळी. कंपनीची बस नाक्यावर यायच्या आधी तुम्ही रोज देव्हाऱ्यासमोर उभे राहायचात. तसेच त्या दिवशीही राहिलात, चपला उंबऱ्याबाहेर. नंतर बाहेर येऊन मोजे चढवलेत. मोजा टाचेशी अडकला असणार, पण तुमच्या भेगांमध्ये मोजा रोजच अडकायचा, तुम्ही तो नेहमीसारखा ओढलात, वर कंपनीचे जड बूट चढवलेत आणि गेलात. आई पूजेला गेली तर फरशीवर दोन-तीन लाल ठिपके. तिला वाटलं कुंकू सांडलं. तिने ओल्या फडक्याने पुसून घेतलं. पुढे मरेपर्यंत ती हे सांगत राहिली, आल्या-गेल्याला, मी समोर असताना, नसताना, अगदी तेवढंच. "मला वाटलं कुंकूच."

तुम्ही पूर्ण पाळी उभे राहून केलीत. संध्याकाळी घरी येऊन खुर्चीत बसून बूट काढलेत आणि मला म्हणालात, "हा मोजा निघंना गं, बघ जरा." मी खाली बसले. मोजा टाचेला पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. आतून गळाची दांडी लागली माझ्या बोटाला. मी तुमच्या तोंडाकडे बघितलं, तुम्ही पेपर वाचत होतात. अण्णा, मला त्या क्षणी जे झालं त्याला नाव द्यायचं तर भीती, आणि त्यानंतर आजपर्यंत मला दुसरं काही झालेलं नाही असं वाटतं. मी म्हणाले, "अण्णा, गळ आहे." तुम्ही पेपर खाली घेतलात, पाय मांडीवर ओढून बघितलात, बराच वेळ बघितलात, शेजाऱ्याच्या पायाकडे बघावं तसं. मग म्हणालात, "दुसरा गळ सापडला म्हणायचा."

दवाखान्यात चिरून काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तुम्ही डॉक्टरांकडून तो गळ मागून घेतलात आणि मला दाखवलात, "बघ, म्हटलं होतं ना, मऊ लोखंड. माणसाच्या वजनाला वाकला." मला हसू आलं, मी हसले, कंपाउंडरने आमच्याकडे विचित्र बघितलं. चार दिवस रजा घेतलीत आणि परत बूट घालून कामावर गेलात, कारण दुखत नव्हतं. जखम भरत नव्हती, पण दुखत नव्हती. पट्टी बदलताना मला वास यायला लागला, तेव्हा मी तुमचं काही न ऐकता रिक्षा बोलावली. तोवर टाचेतलं विष पुढे सरकून अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलेलं. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर चांगले होते, तरुण होते, तुमच्याच वयाचे आपले वडील आहेत असं म्हणाले. आधी बोटं काढली. मग गुडघ्याखाली पाय. त्या मधल्या दिवसांत तुम्ही मला दुपारी जवळ बोलवायचात आणि चादरीखाली हात घालायला सांगायचात. "गरम हाय का गं?" मी तळहात ठेवायचे. "हो अण्णा, गरम आहे." "कालच्यापेक्षा जास्त?" "जास्त आहे." तुम्ही मान हलवायचात, एखाद्या यंत्राचं रीडिंग घेतल्यासारखी. एकदा म्हणालात, "दुखत नाय हीच पंचाईत झाली. दुखलं असतं तर मी बोंब मारली असती, तुझी आई पळत आली असती." आणि एकदा, झोपेतून उठून, "त्या पिवळीचे गळ बदलायचे राहिले." मी म्हणाले, बदलते. खरंच बदलले, घरी जाऊन, पाटावर बसून. आई बघत होती. दिवाळीच्या आधी तुम्ही गेलात. पाय काढूनही विष वर चढलं होतं.

दहाव्याला रामकुंडावर चुलतभावाने सगळं केलं, मी पायऱ्यांवर उभी होते. बायकांनी यायचं नसतं असं कुणीतरी म्हणालं, आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं. पिंड पाण्यात सोडले तेव्हा बारके मासे वर आले आणि पिठाला टोचायला लागले. लोक रडत होते. मी विचार करत होते की एवढ्या बारक्यांमागे मोठा असणार, आणि या पाण्याला पांढऱ्या पोटाची मासोळी चालेल. हे मी कधी कुणाला बोलले नाही, उगाच वेड्यात काढलं असतं. मला रडू आलं नाही. त्यानंतरही आलं नाही. लोकांनी समजूत काढली, मग लोकांनी नावं ठेवली, मग ते विसरले. रडू यावं म्हणून मी प्रयत्नही करून बघितलेत, तुमचा शर्ट वगैरे कपाटातून काढून. शर्टाला फक्त कपाटाचा वास होता.

तेराव्यानंतर पाहुणे गेले त्या सकाळी आईने जे केलं ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तिने देव्हारा उचलला. एकेक देव ताम्हनात काढून ठेवला, भिंतीवरचे खिळे पक्कडीने उपटले, आणि सगळं बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी नेऊन मांडलं. मी म्हणाले, "अगं, कुणाला विचारायचं तरी, दिशा-बिशा?" ती म्हणाली, "देवाला कुठंही बसता येतं." मग तुमच्या त्या निळ्या पट्ट्यांच्या चपला पायात घालून ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने कुकर लावला. त्या तिला केवढ्या तरी मोठ्या होत्या. पुढे किती वर्षं, ती जाईपर्यंत, ती स्वयंपाकघरात चपला घालून फट् फट् फिरायची आणि बाहेरच्या खोलीत देवासमोर आली की काढायची. ती तुमच्यावर रागावलेली होती, अण्णा. देवावर नव्हती. ती म्हणायची, "यांना स्वतःची अक्कल नव्हती का?" आणि लगेच पदर डोळ्याला लावायची. तिला रडता यायचं. मला तिचा हेवा वाटायचा.

मला आता साखर निघालीय. आश्चर्य काहीच नाही, सगळं तुमच्याकडून घेतलंय, नाक, उंची, हिशेबातला खडूसपणा, तर हेही. नवऱ्याने मागे लागून मला गेल्या आठवड्यात पायांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हल्ली त्यांचे वेगळे डॉक्टर असतात. बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी टाचणी नाही काढली. त्यांनी एक लहानशी दांडी काढली, तिच्या टोकाला बोटभर तंगूस. अण्णा, शपथ, तंगूसच होतं, पांढरं, जाड, मोठ्या माशाचं. तुम्ही असतात तर दोन बोटांत फिरवून तिथल्या तिथे सांगितलं असतंत की हे किती वजनाला तुटेल. मला ते त्या बाईंना सांगावंसं वाटलं, पण माझ्यामागे बरीच माणसं थांबली होती. त्या म्हणाल्या, "डोळे मिटा ताई. मी तळव्याला हे लावीन, जिथे कळेल तिथे हो म्हणायचं."

मी डोळे मिटले. अंगठ्याला कळलं, हो म्हणाले. मधल्या बोटाखाली कळलं, हो. मग बराच वेळ काही झालं नाही. मला वाटलं त्या लिहून घेतायत. मग त्यांचं स्टूल कुरकुरलं, त्या पुढे वाकल्याचं मला त्या आवाजावरून समजलं, आणि त्यांनी विचारलं, "आता?"

मी हो म्हणाले.

टाचेलाही तसंच केलं, स्टुलाचा आवाज ऐकून. त्यांनी फॉर्मवर सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या, म्हणाल्या, "छान आहेत पाय, सहा महिन्यांनी या." मी चप्पल घालून बाहेर आले, नवऱ्याला फोन केला, सांगितलं सगळं नॉर्मल आहे. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे, म्हणून तुम्हाला लिहितेय. दुसऱ्या कुणाला अजून सांगितलेलं नाही.